जुन्या ट्रॅक्टरला गिअर ऑइल कुठलं टाकायचं?

जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल टाकू, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुमच्या लिफ्टचा, म्हणजे अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचा, पंप तेल कुठून ओढतो? डब्यावरचा नंबर नंतर. त्या हौसिंगमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचात, एकाच तेलावर कोण कोण चालतंय, ते आधी कळलं पाहिजे.

काही ट्रॅक्टरांत लिफ्टची टाकी वेगळी असते, गिअरबॉक्समध्ये फक्त गिअर असतात. तिथं काम सोपं आहे. पण १९४६ साली आलेल्या फर्ग्युसन टीई-२० सारख्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप एकाच तेलात बसलेत. अशा हौसिंगमध्ये गळती थांबवायची म्हणून १४० नंबरचं जाड तेल ओतलं, तर थंडीत सकाळी पंपाला ते ओढवत नाही. पंप कण्हायला लागतो, लिफ्ट झटके देत उठते आणि हळूहळू पंप झिजतो. गळत असेल तर सील बदला. सीलचं काम जाड तेलाकडून करून घेऊ नका. लिफ्ट वेगळी असेल, हवा गरम असेल आणि कंपनीच्या पुस्तकात १४० दिलं असेल, तर मात्र बिनधास्त टाका.

नंबरांचा एक घोळ नेहमी होतो. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या नंबरांची पट्टी वेगळी आहे. ९० चं गिअर ऑइल जाडीला साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतकंच असतं, आणि ८० चं २० ते ३० इतकं. त्यामुळे जुन्या पुस्तकात गिअरबॉक्सला ३० नंबरचं ऑइल लिहिलेलं दिसलं, तर ती छपाईची चूक समजू नका.

आता जीएल, म्हणजे डब्यावर लिहिलेला गिअर ऑइलचा वर्ग. यावर मी जरा हट्टी आहे. जीएल-१ म्हणजे साधं मिनरल तेल. जीएल-४ मध्ये दाब सोसणारे गंधक-फॉस्फरसचे घटक असतात आणि जीएल-५ मध्ये ते साधारण दुप्पट. हे घटक दाबाखाली पोलादावर संरक्षक थर धरतात. पण जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी, कांस्याचे बुश आणि वॉशर असतात. तापलेल्या तेलातलं गंधक त्यांना काळं पाडतं, पोखरतं. काही जीएल-५ तेलांत पितळ सांभाळणारे घटक घातलेले असतात. तसं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी ते जुन्या ट्रॅक्टरात ओतत नाही. जीएल-५ मुळात हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे दात एकमेकांवर जास्त घसरणाऱ्या गिअरसाठी केलेलं आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरांचे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) बहुतेक हायपॉइड नसतातच. पुस्तकात जीएल-४ किंवा साधं मिनरल असेल तर तेच घ्या. ‘पाच हे चारपेक्षा भारी’ हा हिशोब इथं चालत नाही.

ब्रेक तेलातले असतील तर नुसतं गिअर ऑइल बादच. त्याने ब्रेक घसरतात किंवा दाबताना करकरतात. तिथं यूटीटीओ, म्हणजे ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक तिन्ही सांभाळणारं तेल लागतं. डब्यावर तुमच्या कंपनीचा कोड शोधा: मॅसी फर्ग्युसनचा एम-११४५, जॉन डीअरचा जे-२०सी, असे. नुसतं ‘३०३’ लिहिलेलं तेल घेऊ नका. तो कोड केव्हाच मोडीत निघाला आहे आणि आज त्यातून काहीच सिद्ध होत नाही. यूटीटीओ इंजिनात चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बदलताना आधी भरायचं झाकण उघडतंय का ते बघा. तेल काढून बसलात आणि झाकण गंजून अडकलेलं निघालं तर ट्रॅक्टर तिथंच उभा राहील. मग ट्रॅक्टर थोडा चालवून तेल गरम करा, सपाट जागी लावा आणि लगेच ड्रेन नट सोडा. नटाला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ चिखलासारखी पूड बोटाने चोळा. ती नेहमीचीच. बोटाला टोचणारा कपचा लागला तर नवीन तेल ओतायची घाई नको, आधी गिअर बघा. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. बरेचदा ते गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून उतरतं. खात्री करायला गरम तव्यावर एक थेंब टाका, तडतडला तर पाणीच. पाणी असेल तर त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल भरून काही तास चालवा, गाळणी धुवा, ते सगळं काढा आणि मगच चांगलं भरा.

भरल्यावर लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, खाली सोडा आणि मग डिपस्टिक बघा. फायनल ड्राइव्हची, म्हणजे मागच्या चाकांजवळच्या शेवटच्या गिअरांची, झाकणं वेगळी असतील तर तीही तपासा, तिथलं तेल हमखास विसरलं जातं. शेवटी कुठलं तेल टाकलंय ते हौसिंगवर रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी वर भरणारा माणूस दुसराच असू शकतो.