डिकॉम्पमधले कच्चे ॲरे साफ कसे करायचे

पोकेमॉन एमराल्डसारख्या जीबीए (गेम बॉय ॲडव्हान्स) गेमच्या डिकॉम्पमधी, म्हणजे तयार गेमवरून त्याचा सोर्स कोड परत लिहायच्या कामात, डेटा आधी नुसत्या हेक्स (१६ च्या पद्धतीतल्या) आकड्यांच्या रांगा, म्हणजे कच्चे ॲरे, म्हणून येते, कापूस घरी आणल्यावर कवडी न् पाला निवडावा लागते तसंच हे काम आहे भाऊ, घाई केली की बिघडते.

पहिले नावं देऊ नका. पहिले तो ॲरे कोणतं फंक्शन वाचते ते पाहा, कारण खरा आकार तिथंच कळते. इंडेक्स (नोंदीचा क्रमांक) आधी डाव्या शिफ्टनं (बिट डावीकडं सरकवून) दुप्पट झाला, त्यात मूळ इंडेक्स परत मिळवला म्हणजे तिप्पट, मंग दोन बिटनं शिफ्ट (चारपट) झाला तर झाले १२ पट, म्हणजे एक नोंद १२ बाइटची, ४८० बाइटचा ॲरे असंल तर ४० नोंदी. भागाकार पुरा नाही लागला तर शेवटी पॅडिंग (जागा भरायचे रिकामे बाइट) आहे नाहीतर पुढचाच ॲरे चिकटून आला आहे.

मंग स्ट्रक्ट (एका नोंदीतल्या फील्डचा साचा) बनवा. एका बाइटमागं तीन शून्यं दिसले न् पुढं पॉइंटर (दुसऱ्या जागेचा पत्ता) असंल, न् कोड तो एकच बाइट वाचत असंल, तर ते शून्य फील्ड म्हणून लिहू नका, ते कंपायलर स्वतःच टाकते.

आता पॉइंटर, इथं खरा वेळ द्या. जीबीएत रॉम (गेमच्या कार्ट्रिजची मेमरी) ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते न् बाइट उलटे ठेवलेले असतात, म्हणून ३४ १२ ०५ ०८ दिसले तर पत्ता ०८०५१२३४. पत्ता विषम असंल तर बहुतेक थंब (प्रोसेसरच्या १६ बिटी कोडचं) फंक्शन आहे, एक वजा करून लेबल (त्या पत्त्याला दिलेलं नाव) शोधा. पण ०८ दिसलं म्हणून पॉइंटरच असं नाही, वापरणारा कोड पाहूनच ठरवजा.

एक टेबल (असा एक ॲरे) झालं की बिल्ड करून मूळ रॉमशी हॅश (फाइलच्या बाइटांवरून निघणारा खुणेचा आकडा) जुळवा न् लगेच कमिट करा (गिटमधी साठवा), आमच्या गावात लाइन कधी जाईन काही नेम नाही, म्हणून मी दहा टेबलं एकदम कधीच घेत नाही.

पण हॅश जुळला म्हणजे झालं असं समजू नका, हे मले लय उशिरा समजलं. लेबलऐवजी नुसता आकडा म्हणून राहिलेला पत्ता हॅशमधी पकडल्या जात नाही, बाइट तर तेच असतात ना, पण उद्या कोणी एक फंक्शन वाढवलं की मागचं सगळं सरकते न् तो पत्ता भलतीकडंच जाते. म्हणून कोडच्या मधात थोडे फालतू बाइट टाकून बिल्ड करा, हॅश जुळणार नाही, चालते, पण गेम नीट चालला पाहिजे, सगळे मेनू उघडून पाहा, जिथं चित्र तुटंल नाहीतर गेम अडकंल तिथंच कच्चा पत्ता शोधा, तो लेबल करा, मंग फालतू बाइट काढून हॅश परत जुळवा.