नवीन स्टिरिओ टाकला तरी स्टेअरिंगची बटणं चालू ठेवायची कशी

कंपनीचा स्टिरिओ काढून मोठा अँड्रॉइड स्क्रीन टाकला की गाणी वाजतात, रिव्हर्स कॅमेरा दिसतो आणि स्टेअरिंगवरची बटणं मात्र बंद. दुकानात विचारलं तर "या गाडीला नाही चालत ओ ती" म्हणून मोकळे होतात. बऱ्याच गाड्यांत चालतात, फक्त दोन-तीन वायरी जोडायच्या राहिलेल्या असतात. तुळजापूरचा घाट चढताना नाहीतर पुणे हायवेला ट्रकच्या मधी असताना फोन आला तर स्क्रीनवर बोट शोधत बसायचं का? अंगठ्यानंच उचलता आला पाहिजे, म्हणून हे काम अर्धवट सोडून गाडी ताब्यात घेऊ नका.

आधी एवढं बघा की तुमच्या गाडीची बटणं रेझिस्टन्सवर (विजेला होणाऱ्या अडथळ्यावर) चालतात का कॅनवर (गाडीतल्या यंत्रांमधल्या डिजिटल लाइनवर). जुन्या स्विफ्ट, आय-ट्वेंटी असल्या बहुतेक गाड्यांत रेझिस्टन्सचं काम असतं, म्हणजे एकाच वायरवर प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा आणि त्यावरूनच स्टिरिओला कळतं की कुठलं बटण दाबलंय. पोलो, व्हेंटो, रॅपिडमध्ये तसं नसतं, तिथं सिग्नल डिजिटल असतो, त्यामुळं त्या गाडीचा कॅनबस डिकोडर बॉक्स (तो डिजिटल सिग्नल सेटला समजेल असा करून देणारा) घ्यावाच लागतो, नुसत्या वायरी जोडून काही होत नाही. पायोनियरच्या बऱ्याच सेटला मागं वायर्ड रिमोटचं 3.5 मिमी जॅक असतं, त्याला मधी वेगळा अडॅप्टर लागतो, तेव्हा सेट घ्यायच्या आधीच दुकानदाराला हे विचारा.

रेझिस्टन्सवाली गाडी असंल तर मल्टीमीटर घ्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा, जुना सेट बाहेर काढा, मीटर 20 के ओहमवर ठेवा. काळा प्रोब बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या धातूला, आणि लाल प्रोब कपलरच्या (सेटच्या मागं लागणाऱ्या गाडीच्या प्लगच्या) त्या पिनवर, जी तुम्हाला वायरिंग डायग्रामवर ऑडिओ रिमोटची म्हणून दिसते. आता व्हॉल्यूम वाढवायचं बटण दाबून धरा, आकडा बदलला पाहिजे. समजा एका बटणाला 0.08 आला (म्हणजे 80 ओहम), दुसऱ्याला 0.30, तिसऱ्याला 1 च्या पुढं, तर वायर बरोबर सापडली. फोन उचलायचं-ठेवायचं बटण काही गाड्यांत दुसऱ्या वायरवर असतं, ते पण असंच बघून घ्या. आणि स्टेअरिंग अजिबात उघडू नका, तिथं एअरबॅग आहे, सगळ्या वायरी मागं कपलरमध्येच मिळतात.

आता जोडणी. अँड्रॉइड सेटच्या मागं की-वन, की-टू लिहिलेल्या बारीक वायरी असतात. पहिली वायर की-वनला, फोनची वेगळी असंल तर ती की-टूला, आणि बटणांची अर्थिंगची वायर वेगळ्या पिनवर दिलेली असंल तर ती सेटच्या अर्थ वायरला. या वायरींना चुकूनसुद्धा 12 व्होल्ट लागू देऊ नका, सेटची ती बाजूच जाते. न वापरलेल्या वायरीचं टोक उघडं ठेवायचं नाही. कंपनीची वायर कापायची तर गरजच नाही, गाडीच्या मॉडेलचा कपलर बाजारात मिळतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते जॉइंटकडं. सेट त्या वायरवर थोडंसं व्होल्टेज सोडतो, बटण दाबलं की ते किती खाली गेलं ते बघतो, म्हणजे ढिल्या जॉइंटचा रेझिस्टन्स पण त्यातच मिसळतो आणि मग व्हॉल्यूम दाबलं की गाणं बदलतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर, उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या मागं काय भट्टी होत असंल विचार करा, तिथं पीळ मारून काळी टेप गुंडाळली तर डिंक वितळून टेप सरकते. सोल्डर करा आणि वरून हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी चढवा. मिस्त्री कटकट करंल, करू द्या, समोर उभं राहून करून घ्या.

बॅटरी जोडली की सेटिंगमध्ये स्टेअरिंगचा पर्याय उघडा, लर्न नाहीतर स्टार्ट दाबा, मग एक बटण दाबून धरा आणि स्क्रीनवर त्याचं काम निवडा, असं प्रत्येक बटणाला करून शेवटी सेव्ह करा, हे बरेच जण विसरतात. काही सेटमध्ये जास्त वेळ दाबायचं वेगळं काम देता येतं, मोडच्या बटणावर म्यूट टाकून ठेवा, टोलनाक्यावर लई कामाला येतं.

मग इंजिन चालू करून, हेडलाइट आणि एसी लावून, स्टेअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून परत सगळी बटणं दाबून बघा. गाडी उभी असताना सगळं बरोबर पण इंजिन लावल्यावर घोळ होत असंल तर पहिला संशय अर्थवर घ्या, सेटची अर्थ वायर चांगल्या धातूच्या बोल्टवर रंग खरवडून घट्ट लावा आणि परत लर्न करा. स्टेअरिंग फिरवतानाच बटणं जात असतील तर मात्र आतली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टेअरिंगच्या वायरी जोडलेल्या ठेवणारी गुंडाळी) तपासायला लागंल, ते काम सर्व्हिस सेंटरलाच द्या.