आयरिश शिकायला आयर्लंडला जाताय? घर वाटून राहताना या चुका टाळा

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गॉलवे शहरात आम्ही चौघी एका घरात राहायचो. मी आयरिश भाषा शिकायला गेले होते, बाकीच्या तिघी आयर्लंडच्याच. मला वाटलं, चला, घरातच तीन शिक्षिका मिळाल्या. ही माझी पहिली चूक.

आयर्लंडमध्ये आयरिश शाळेत शिकावीच लागते, पण घराघरांत बोलली जाते ती इंग्रजी. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त लोकांनी ‘आम्हाला आयरिश येते’ असं सांगितलं. शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे मात्र जेमतेम ७२ हजार. त्यामुळे डब्लिनच्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी आयरिशमध्ये गाठलंत तर ती गप्प होईल. अनेकांना शाळेतल्या व्याकरणाची अजून धास्ती असते आणि ‘आपलीच भाषा आपल्याला येत नाही’ ही बोच वेगळीच. त्यांची परीक्षा घेऊ नका, चुका तर मुळीच काढू नका. लहानशी मदत मागा: ‘हे नाव कसं वाचतात गं?’ लिहिलेलं आणि बोललेलं यात इतकं अंतर असतं की प्रश्न खराच असतो, आणि सांगणारीलाही बरं वाटतं.

दुसरी चूक जास्त नुकसान करते: मराठी माणूस आयरिश भाषा इंग्रजीच्या वाटेने शिकतो. मीही आधी इंग्रजी वाक्य मनात जुळवायचे आणि मग अडायचे. एका संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून ‘मला तहान लागलीय’ हे सांगायला धडपडत होते. डोनेगलची (हा आयर्लंडचा वायव्येकडचा भाग) मैत्रीण म्हणाली, ‘ता तार्त ऑरम.’ शब्दशः, ‘माझ्यावर तहान आहे.’ म्हणजे तहान आपल्यासारखीच माणसाला येऊन लागते! ‘माझ्याकडे गाडी आहे’ यासाठीही इंग्रजीसारखं वेगळं क्रियापद नाही. ‘ता कार अगम’, गाडी माझ्यापाशी आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांना तर स्वतंत्र शब्दच नाहीत. ‘दूध आहे का?’ याचं उत्तर ‘ता’ नाहीतर ‘नील’, म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाहीये’. आपण घरात दुसरं काय बोलतो? क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं, तेवढी सवय करावी लागते. उच्चारातही आपल्याला वारसा मिळालाय: तिथे व्यंजनांचे जाड आणि बारीक असे दोन उच्चार असतात, आणि जाड ‘त’ आणि ‘द’ जिभेचं टोक दातांना लावून म्हणतात, अगदी आपल्या ‘त’, ‘द’ सारखे. इंग्रजी वळणाचा ‘ट’ काढून हा फायदा घालवू नका.

तिसरी चूक आपल्या संस्कारातून येते. गेलटाख्टमध्ये, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात, शिकणाऱ्यांची सोय घरांत करतात आणि घरच्या बाईंना ‘बॅन अन टी’ म्हणतात. अशा घरी वयाने मोठ्या बाईंना एकेरी हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी ‘तुम्ही’च्या जागी ‘शिव’ म्हणायला लागले. त्या मागे वळून बघायच्या, आणखी कोण आलंय म्हणून! ‘शिव’ हे अनेकवचन आहे. एका माणसाला ‘तू’च म्हणायचं, आणि तो शब्दही ऐकायला आपला ‘तू’च आहे.

घरात दोन बोली असल्या तर बरोबर-चूक ठरवत बसू नका. ‘कशी आहेस?’ याला मी वर्गात कोनेमाराचं, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेकडच्या भागातलं, ‘के खी विल तू’ शिकले. डोनेगलची मैत्रीण ‘गजे मार अता तू’ म्हणायची. वऱ्हाडी आणि कोकणी माणूस एका खोलीत राहिले तर जे होईल तेच. बोलताना एक बोली धरा, ऐकायच्या सगळ्या.

सुरुवातीला ठरवलेला ‘रोज एक तास आयरिश’ आठवड्यातच बारगळतो, दिवसभर राबून कुणाला झेपत नाही. आमच्याकडे टिकलं ते एवढंच: किटली उकळेपर्यंत इंग्रजी बंद. तीन-चार मिनिटं कुणालाही जमतात, आणि चहा दिवसातून चार वेळा होतोच.

आता भाषेबाहेरचं, पण भाषा बंद पाडणारं. घरात धुसफूस असली की किटलीजवळ कुणी थांबत नाही. खोली घरमालकाच्याच घरात असेल तर त्याला ‘डिग्ज’ म्हणतात. तिथे भाडेकरूला मिळणारं कायद्याचं संरक्षण तुम्हाला नसतं, म्हणून भाडं, डिपॉझिट आणि शनिवार-रविवार राहायला मिळणार का, हे आधीच लिहून घ्या. पाणी तापवायच्या टाकीतल्या विजेच्या हीटरला ‘इमर्शन’ म्हणतात. ते चालू विसरणं म्हणजे तिथे मोठा गुन्हा, कारण विजेचं बिल सगळ्यांचं असतं. आंघोळ झाली की आधी ते बंद करा. आणि मोहरी-मिरचीची फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा. धुराचा भोंगा रात्री अकराला वाजला की चौघीही जिन्यात येतात.