वर्कशॉपमधील धूळ आणि मोबाइल : कोकणात या चुका टाळा

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनची शेड असो, सावंतवाडीत पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी घासण्याची पडवी असो, की १ जूनला मासेमारीबंदी सुरू झाल्यावर किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या डागडुजीची जागा असो, मोबाइलचे दुखणे बहुधा एकाच क्रमाने सुरू होते. समोरच्याचा आवाज बारीक येऊ लागतो, चार्जरची पिन सैल बसते, आणि शेवटी कारागीर फोन उघडून आतला गाळ दाखवतो. गाळ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. घाटावरची धूळ बहुतेक काळ कोरडी असते आणि झटकली की बरीचशी निघते. आपल्याकडे मात्र खाऱ्या वाऱ्यातले मीठ आणि हवेतला दमटपणा धरून तिचा लगदा होतो, आणि मिठाच्या ओलाव्यातून वीज वाहत असल्याने तोच लगदा तांब्याच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवट गंज चढवतो. कोरड्या हवेसाठी सांगितलेले उपाय इथे उलटतात ते यामुळेच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कॉम्प्रेसरच्या नळीने फोन फुंकणे. ती मी स्वतः केलेली आहे, आणि तीही मोठ्या आत्मविश्वासाने. टाकीत शंभर पाउंडांच्या आसपास दाब असतो. मायक्रोफोनचा नाजूक पडदा त्यापुढे टिकण्याची शक्यता कमी, आणि जाळीवर बसलेली धूळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलली जाते. त्याशिवाय दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत साठते. ज्याने पावसाळ्यात टाकीचा खालचा कॉक उघडून पाहिला आहे, त्याला नळीतून हवेबरोबर पाणी आणि तेलाचे तुषार कसे येतात हे वेगळे सांगायला नको. माझ्या फोनचा माइक त्या दिवसापासून मुका झाला. तोंडाने फुंकर मारणेही टाळावे, कारण तिच्याबरोबर ओलावा जातो.

ग्राइंडरच्या टेबलावर फोन ठेवण्याची सवय दुसरी. स्पीकरमध्ये आणि कानाजवळच्या रिसीव्हरमध्ये लोहचुंबक असतो, त्यामुळे लोखंडाचा कीस तिथे नुसता पडत नाही, तर ओढला जाऊन चिकटतो. आवाज फाटल्यासारखा किंवा खरखरीत येत असेल, तर प्रथम जाळीवर करडा कीस दिसतो का ते उजेडात पाहावे. ब्रशने तो इकडून तिकडे सरकतो इतकेच. चिकटपट्टी जाळीवर हलकेच दाबून सरळ वर उचलावी, आणि दरवेळी नवा तुकडा घेऊन चार-सहा वेळा हेच करावे. ठिणग्यांचा धोका आणखी वेगळा आहे. तापलेले कण कॅमेऱ्याच्या काचेवर बारीक खड्डे पाडतात, आणि ते कोणत्याही पुसण्याने जात नाहीत.

हाताशी आलेल्या शर्टाच्या टोकाने किंवा कापसाच्या बोळ्याने पडदा घासणेही तितकेच घातक आहे. वाळूतील गारगोटीचे कण काचेहून कठीण असतात, म्हणून आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि मगच पुसावे. कव्हरही अधूनमधून काढावे, कारण त्याच्या आत अडकलेली कच फोनची पाठ रोज थोडीथोडी घासत असते. थिनर आणि पेट्रोल प्लास्टिकला व पडद्यावरील लेपाला इजा करतात, त्यामुळे त्यांचा बोळा हातात असला तरी फोनकडे वळवू नये.

चार्जिंगच्या खाचेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दुरुस्तीच्या नावाखाली सर्वाधिक नुकसान तिथेच होताना मी पाहिले आहे. टाइप-सी खाचेच्या मध्यभागी एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ पर्यंत संपर्कपट्ट्या असतात. सेफ्टी पिन घातली की त्या वाकतात किंवा एकमेकींना जोडल्या जातात. चार्जरची पिन पूर्वीसारखी खट्कन न बसता बाहेर थोडी राहत असेल, तर तळाशी भुसा दाबून बसला आहे असे समजावे. आधी दुसरी केबल लावून पाहावी. दोष खाचेचाच ठरला, तर फोन बंद करावा, तोंड खाली धरावे आणि चपट्या तासलेल्या लाकडी काडीने जिभेला न टेकता कडेकडेने भुसा उकरावा. ओलाव्याची सूचना दिसत असताना चार्जर लावण्याचा हट्ट करू नये, आणि फोन तांदळात पुरूही नये. तांदळाचा पीठकण त्याच खाचेत शिरतो. पंख्याखाली काही तास ठेवणे अधिक शहाणपणाचे.

फोन धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी ६८ दर्जाचा आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. यातील ६ हा आकडा धुळीपासून पूर्ण बचाव दर्शवतो हे खरे, परंतु ती चाचणी नव्या फोनवर होते आणि पाण्याची चाचणी गोड्या पाण्यात होते. एकदा पडदा बदलताना फोन उघडला आणि कडेचे सील नीट बसवले गेले नाही, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

राहता राहिला प्रश्न फोन ठेवावा कुठे याचा. स्टीलच्या डब्यात सिग्नल अडतो, आणि नेटवर्क शोधता शोधता फोन तापून बॅटरी उतरते. प्लास्टिकच्या बंद पिशवीत सकाळची दमट हवा कोंडली जाते, आणि पत्र्याच्या शेडखाली फोनची उष्णताही बाहेर पडत नाही. रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा, ग्राइंडरपासून दूर आणि जिकडून वारा येतो त्या बाजूला ठेवलेला, मला सर्वांत बरा वाटतो. त्यात ओलावा शोषणारी, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी, पण जूनमध्ये ती लवकर भरते, म्हणून रंग बदलला की बदलावी. चार्जिंग मात्र डब्यात करू नये.

कॅमेऱ्यातील धुरकटपणा काच पुसूनही तसाच राहिला, तर ओलावा किंवा धूळ आत पोहोचली आहे. त्यावर घरी इलाज नाही; फोन बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावा.