स्विचची इमेज लॅपटॉपवर कशी काढावी आणि परत कशी चढवावी

मे महिन्यात आमच्या कोकणात घरोघरी आगोटीची धांदल असते. मसाला, सांडगे, सुकी मासळी डब्यांत गेली की मग पाऊस कितीही पडो. नेटवर्क स्विचची, म्हणजे संगणक केबलने एकमेकांना जोडणाऱ्या पेटीची, आगोट मात्र कुणाला आठवत नाही. हर्णैजवळच्या एका बर्फ कारखान्यात मलाही आठवली नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारखाना थंड, तेव्हाच स्विचचं सॉफ्टवेअर बदलू, असा शहाणा विचार करून मी जूनच्या मध्यावर गेलो. फ्लॅशमध्ये, म्हणजे स्विचच्या कायमच्या साठवणीत, जागा पुरेना म्हणून जुनी इमेज (स्विचच्या सॉफ्टवेअरची फाइल) पुसली, नवी चढवायला घेतली आणि वीज गेली. पुढचं सांगतोच, आधी रीत.

खालच्या आज्ञा सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारख्या आयओएस स्विचच्या आहेत (आयओएस म्हणजे सिस्कोचं स्विच चालवणारं सॉफ्टवेअर). इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप रोमन लिपीतच करायच्या.

मांडामांड

लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालवा. टीएफटीपी ही नेटवर्कवरून फाइल पाठवायची एक साधी रीत. विंडोजवर टीएफटीपीडी६४ हा फुकट प्रोग्राम पुरतो. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० आणि स्विचच्या व्हीलॅन १ ला (त्याच्या मूळच्या अंतर्गत जाळ्याला) १९२.१६८.१.२ असे पत्ते द्या, केबल थेट जोडा आणि स्विचवरून लॅपटॉपला पिंग करून, म्हणजे हाक मारून, उत्तर येतंय का बघा. पिंग होतंय पण फाइल हलत नाही, असं झालं तर आधी फायरवॉलवर संशय घ्या. लोक यूडीपीचा ६९ क्रमांकाचा पोर्ट उघडतात आणि निर्धास्त होतात. ६९ वर फक्त पहिली विनंती येते, पुढची सगळी देवघेव सर्व्हर दुसऱ्याच पोर्टवरून करतो. म्हणून पोर्टपेक्षा त्या प्रोग्रामलाच परवानगी द्या.

टीएफटीपी १९८१ सालचा. त्यात ना पासवर्ड, ना गुप्तता. काम झालं की सर्व्हर बंद करायचा.

आधी जुनी बाहेर

ही पायरी गाळू नका. नवी इमेज उतरवायला कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा सर्व्हिस करार लागतो आणि जुन्या स्विचचा करार कधीच संपलेला असतो. म्हणजे फ्लॅशमध्ये आहे तीच तुमची ठेव.

‘शो व्हर्जन’ दिलंत की स्विच कुठल्या फाइलवरून सुरू झालाय ते कळतं. ‘डिर फ्लॅश:’ मध्ये तिचा आकार आणि उरलेली जागा दिसते. इमेज कधी फ्लॅशमध्ये उघडीच असते, कधी आपल्याच नावाच्या फोल्डरात. फोल्डरात असेल तर पूर्ण वाट लिहावी लागते. हे लांबलचक नाव हाताने टाइप करू नका, पडद्यावरून कॉपी करा.

आता ‘कॉपी फ्लॅश: टीएफटीपी:’. स्विच फाइलचं नाव, सर्व्हरचा पत्ता आणि तिकडे ठेवायचं नाव विचारतो. पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग सुरू झाली की गाडी रुळावर आहे. एकेक चिन्ह म्हणजे पोचलेली दहा पॅकेट. नुसती टिंबं येत असतील तर पलीकडून उत्तर नाही. सर्व्हर लिनक्सवर असेल तर आणखी एक मेख आहे: साधारणपणे तो नवी फाइल स्वतःहून तयार करत नाही. त्या नावाची रिकामी फाइल आधी करून तिच्यावर सगळ्यांना लिहायची मुभा द्यावी लागते.

फाइल आली, पण धड आली का? स्विचवर ‘व्हेरिफाय /एमडी५ फ्लॅश:’ आणि पुढे नाव दिलं की फाइलचा एमडी५ आकडा, म्हणजे तिचा ठसा, मिळतो. लॅपटॉपवर विंडोजच्या सर्टयूटिल या आज्ञेने तोच आकडा काढा. दोन्ही अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. जाता जाता कॉन्फिगरेशनही (स्विचला दिलेली सेटिंग्ज) ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी:’ ने काढून घ्या.

मग नवी आत

‘कॉपी टीएफटीपी: फ्लॅश:’. प्रश्न तेच, दिशा उलटी. चढली की एमडी५ काढून कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडा. मग कॉन्फिग मोडमध्ये ‘बूट सिस्टम फ्लॅश:/’ आणि नव्या फाइलचं नाव, बाहेर येऊन ‘राइट मेमरी’, ‘शो बूट’ ने खात्री, आणि शेवटी ‘रीलोड’. जागा असेल तर जुनी इमेज आठवडाभर तरी तिथेच राहू द्या.

हे काम मुंबईच्या ऑफिसात बसून करू नये. टीएफटीपी मूळच्या रीतीप्रमाणे ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो आणि पोच आल्याशिवाय दुसरा सोडत नाही. १० एमबीच्या इमेजचे वीस हजारांवर तुकडे होतात. दर फेरीला ५० मिलिसेकंद धरले तरी सतरा मिनिटं गेली, आणि तेवढ्यात लाइन तुटली की पहिल्यापासून. स्विचजवळ खुर्ची टाकून बसलं की चहा निवायच्या आत होतं. जुने सर्व्हर ३२ एमबीच्या पुढे अडखळतातही, कारण तुकड्यांचा आकडा ६५५३५ ला संपतो. मोठ्या इमेजसाठी एससीपी किंवा एफटीपी या फाइल पाठवायच्या दुसऱ्या रीती वापरा.

वीज गेली तर

चालू स्विच मेमरीतल्या प्रतीवर चालतो, त्यामुळे इमेज पुसल्यावरही तो काही बोलला नव्हता. वीज येऊन तो उठला, तेव्हा फ्लॅशमध्ये अर्धवट फाइल आणि पडद्यावर नुसतं ‘स्विच:’. इथे टीएफटीपी चालत नाही. कन्सोल केबलवरून (स्विचला थेट आज्ञा द्यायची केबल) ‘फ्लॅश_इनिट’, मग ‘कॉपी एक्समोडेम: फ्लॅश:’ आणि पुढे फाइलचं नाव, आणि लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममधून एक्समोडेम या जुन्या रीतीने फाइल सोडायची. कन्सोलचा वेग सेकंदाला ९६०० बिट असतो. सेकंदाला जेमतेम ९६० बाइट, म्हणजे १० एमबीला तीन तास. ते तीन तास मी बर्फाच्या लाद्यांशेजारी काढले. ‘सेट बॉड ११५२००’ करून टर्मिनलचाही वेग तेवढाच ठेवला असता तर पाऊण तास तरी लागला नसता, हे नंतर कळलं. तो वाढवलात तर शेवटी ‘अनसेट बॉड’ विसरू नका.

त्याआधी एक तास वेगळाच गेला होता. कन्सोल केबल माझ्या पिशवीत नव्हती आणि कारखान्यातल्या केबलच्या पिना खाऱ्या हवेने काळवंडलेल्या. भर पावसात दापोलीला जाऊन दुसरी आणली. आता तिथे रॅकच्या दारालाच एक केबल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे, शेजारी जुन्या इमेजचा पेन ड्राइव्ह.