फ्रँचायझीत स्टाफच्या ट्रेनिंगचा खर्च कोणाचा? या चुका टाळा

कंपनीच्या ब्रोशरवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'संपूर्ण प्रशिक्षण मोफत'. सांगलीत वॉफल-सँडविचच्या कॅफेची फ्रँचायझी घेताना आम्ही त्या ओळीवर भलतेच खूश होतो. ट्रेनिंग पुण्यात, 12 दिवस, पोरं चार. परत आल्यावर वहीत मांडलेला हिशेब असा: लॉजच्या दोन खोल्या, 900 रुपये रोजच्या, 21,600. जेवणखाण माणशी 250 प्रमाणे 12,000. एसटीचं जाण्यायेण्याचं 3,200. पोरांचा बारा दिवसांचा पगार 24,000. आणि वर कंपनीचं 14,000 चं बिल, 'प्रॅक्टिस मटेरियल' म्हणून. म्हणजे शिकताना करपलेली वॉफल्स आणि वाया गेलेलं चीज. एकूण 74,800. मोफत होता तो फक्त शिकवणाऱ्याचा वेळ.

'मोफत' या शब्दाची फोड न करणं

पहिली चूक हीच. ट्रेनिंगचा खर्च ही एक रक्कम नसते. ट्रेनरची फी, राहणं-खाणं, प्रवास, शिकण्याच्या काळातला पगार, वाया जाणारा माल, गणवेश, असे त्याचे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यापुढे 'कंपनी' की 'आम्ही' हे सहीआधी लिहून घ्या. माझ्या मते सुरुवातीच्या ट्रेनिंगची फी आणि माल कंपनीचा, कारण फ्रँचायझी फी आपण त्याचसाठी मोजलेली असते. पगार मात्र आपलाच. माणसं आपल्या पटावर आहेत, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सहीच्या किमान 14 दिवस आधी माहितीपत्रक द्यावं लागतं. ट्रेनिंग कुठे, किती तासांचं, त्याची फी किती, प्रवास-मुक्कामाचा खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि तुमचं अॅग्रीमेंट, एवढ्यावर सगळं चालतं. सेल्सवाल्याने चहा पिताना दिलेला शब्द कागदावर नसेल तर तो दिलाच नव्हता असं समजा. बहुतेक अॅग्रीमेंटच्या शेवटी तसं स्पष्ट म्हणणारं कलमही असतं.

दुसऱ्या खेपेचा विचार न करणं

खरा खड्डा इथे आहे. चार महिन्यांत आमची दोन पोरं गेली. एकाला पुण्यातच नोकरी लागली (ट्रेनिंगच्या वेळी ओळख झाली म्हणे!), दुसरा समोरच्या केकच्या दुकानात. नवीन दोघांसाठी कंपनीने माणशी 15,000 आणि वर 18 टक्के जीएसटी मागितला, म्हणजे 35,400. 'मोफत' होती ती पहिली बॅच. अॅग्रीमेंटमध्ये एवढंच होतं की 'प्रशिक्षित नसलेली व्यक्ती काउंटरवर उभी करता येणार नाही'.

काउंटरवरची पोरं टिकत नाहीत, हे कंपनीला आपल्याआधी ठाऊक असतं. म्हणून सहीच्या वेळी दोन गोष्टी मागा. वर्षाला ठरावीक मोफत जागा, आणि आपल्या एका जुन्या माणसाला 'ट्रेनर' म्हणून मान्यता. दुसरी मिळाली तर पहिलीसाठी फार ताणू नका. तसंच, कंपनीने स्वतःहून मेनू किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं तर ते शिकवण्याचा खर्च तिचाच, ही ओळही घालून घ्या. 'मॅन्युअलमध्ये वेळोवेळी होणारे बदल बंधनकारक' या निरुपद्रवी वाक्यातून पुढची बिलं निघतात.

जीएसटीची एक बारीक गोष्ट: रेस्टॉरंट म्हणून 5 टक्क्यांनी कर भरणाऱ्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. त्यामुळे ट्रेनिंग फीवरचे 18 टक्के थेट खिशातून जातात. 'नंतर सेट ऑफ होईल' असं कोणी म्हणालं तर आधी आपल्या सीएला विचारा.

पोरांच्या पगारातून वसुली

ही चूक महागात पडते. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. पगारातून कशाकशासाठी कपात करता येते त्याची यादीच तिने दिली आहे. त्यात ट्रेनिंगचा खर्च नाही. 'शिकतोय तोवर पगार नाही' हेही चालत नाही. जो काम करतो त्याला किमान वेतन द्यावंच लागतं. दहावीची मूळ मार्कशीट ठेवून घेण्याची खोड तर पूर्ण सोडा.

बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरीन असं लेखी, घेता येतो का? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. पण त्यावरून 14,000 पगाराच्या पोराला लाखाचा बाँड लिहून घेऊ नका. करार कायद्याच्या कलम 74 नुसार आकडा काहीही लिहिला तरी भरपाई वाजवीच मिळते. खरा खर्च किती झाला याच्या पावत्या ठेवा.

चार किंवा जास्त माणसं असतील तर सरकारची अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवार) योजना बघा. स्टायपेंडचा, म्हणजे शिकाऊच्या मानधनाचा 25 टक्के भाग, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं.

कंपनी चालवते म्हणून निर्धास्त राहणं

आउटलेट तुमचं पण चालवते कंपनी, अशा मॉडेलमध्ये स्टाफ तिचा असतो. तरी ट्रेनिंगचा खर्च महिन्याच्या हिशेबात 'एचआर' नावाने घातला जातो. त्या ओळीचा तपशील मागा. आणि फूडचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना कोणाच्या नावावर आहे ते पाहा. 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे फॉस्टॅक (त्याच संस्थेचं अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग) घेतलेला एक सुपरवायझर लागतो. परवाना तुमच्या नावावर असेल तर त्यासाठी विचारणा तुम्हालाच होणार.

सही झाली आहे आणि बिल आलं आहे?

रागाने रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला कंपनीचा वाटा, थांबवू नका. तिथे करारभंग तुमचा होतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. ईमेलवर एकच प्रश्न विचारा: हे बिल कोणत्या कलमाखाली? आम्हाला उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि त्यात कलमाचा उल्लेखच नव्हता. मग बोलणी झाली. नवीन दोघांची फी निम्म्यावर आली आणि आमच्या कॅशियर ताईंना ट्रेनर म्हणून मान्यता मिळाली. आता नवीन पोरगा सांगलीतच आठ दिवसांत तयार होतो, कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेतो. करपलेल्या वॉफल्सचं बिल मात्र अजून आमच्याच नावावर पडतं, आणि त्यावरची ईमेलं चालू आहेत.