ट्रॅक डेसाठी ब्रेक पॅड कसे निवडायचे: आधी ऑइल, मग उष्णता, मग ब्रँड

पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी नेणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "पॅड कुठले टाकू?" आणि समोरचाही लगेच एखाद्या ब्रँडचं नाव सांगून मोकळा होतो. मी पण तसाच फसलो. पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकला गेलो होतो, म्हणजे आपल्या कात्रजच्या नव्या बोगद्यातून जाणारा जो ४८ नंबरचा हायवे आहे तोच पुढे थेट इरुंगट्टुकोट्टईवरून जातो, ट्रॅक तिथेच आहे, रस्ता चुकायची सोयच नाही, फक्त अकराशेच्या वर किलोमीटर आहेत. महागडे पॅड टाकलेले, गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइलही बदललंय असं सांगितलेलं, मी निवांत. दुसऱ्या सेशनला चौथ्या लॅपमध्ये सरळ पट्टा संपत आला, नेहमीच्या जागी पाय दिला तर पेडल असं खाली गेलं जसं काही लोण्यात पाय घातलाय. घाबरून तीन-चार वेळा पटापट पंप केलं तेव्हा जरा वर आलं, तोवर गाडी वळणाबाहेरच्या मातीत. धुळीपलीकडे काही झालं नाही, नशीब. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, येऊन ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत कडक चहासारखं काळपट ऑइल. ऑइल बदललेलंच नव्हतं. पॅड मात्र एकदम ठणठणीत होते.

म्हणून पॅडवर बोलायच्या आधी हे डोक्यात पक्कं करा, की ट्रॅकवर ब्रेक दोन वेगवेगळ्या पद्धतीने दगा देतात. पेडल मऊ पडलं, खाली जायला लागलं, तर ऑइल उकळलंय. त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुम्ही पायाने ते बुडबुडे दाबताय, प्रेशर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोचतच नाही. याउलट पेडल नेहमीसारखं कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही, तर पॅड त्याच्या लायकीपेक्षा जास्त तापलाय. पहिल्या केसमध्ये जगातले सगळ्यात भारी पॅड टाकले तरी फरक शून्य, आणि बहुतेक नवख्या लोकांचं पहिल्या दिवशी हेच होतं.

ऑइलचं गणित सोपं आहे. डॉट ही ब्रेक ऑइलची ग्रेड. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं असं स्टँडर्ड सांगतं, पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चा तर १४०. आपल्याकडे एक मुंबईचा पावसाळा काढला की काय होत असेल बघा. त्यामुळे ट्रॅकच्या आठवडाभर आधी स्वतः समोर उभं राहून सगळं ऑइल बदलून घ्या, चारही चाकांची एअर काढून घ्या, सीलबंद डबा तुमच्यासमोर फुटला पाहिजे. डॉट ५.१ किंवा मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं ऑइल टाकलं तर उत्तम, आरबीएफ ६०० तर ताजं असताना ३०० च्या वर जातं, फक्त लवकर बदलायला लागतं. डॉट ५ मात्र चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, वेगळी जात, मिसळत नाही, नाव सारखं म्हणून दुकानदारही कधीकधी गोंधळतात.

आता पॅड. गाडी ११०० किलोची धरा, माणसासकट. सिग्नलला ६० वरून थांबवली तर ब्रेकना साधारण १५० किलोज्यूल ऊर्जा गिळायला लागते. ट्रॅकवर १६० वरून ६० ला आणली तर ९३० च्या आसपास, म्हणजे सहा पट, आणि गाडी थांबलेलीसुद्धा नाही! यातली ७० टक्के पुढची दोन चाकं खातात असं धरलं तर पाच किलोची बिडाची डिस्क एकाच ब्रेकिंगमध्ये सव्वाशे-दीडशे अंशांनी तापते. थोडं हवा आणि इंजिन खातं ते सोडा. मग पुढचा सरळ पट्टा किती लांब त्यावर ती किती थंड होणार ते ठरतं. म्हणून ट्रॅक कुठला हे पण महत्त्वाचं, कोइम्बतूरचा कारी दोन किलोमीटरच्या जेमतेम वर आहे, स्पीड कमी पण ब्रेकला उसंत कमी, आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यानंतर चौथ्या वळणाला जे ब्रेकिंग येतं तिथे एका दणक्यातच सगळं कळतं.

कंपनीचे जे पॅड असतात ते सकाळी गाडी गार असताना पहिल्याच दाबाला पकडावेत, आवाज करू नयेत, अलॉय काळे करू नयेत आणि चाळीस-पन्नास हजार किलोमीटर टिकावेत म्हणून बनवलेले असतात, आणि त्या कामाला ते खरंच उत्तम असतात. पण त्यात मसाला बांधून ठेवणारं जे रेझिन असतं ते तीनशे-साडेतीनशेच्या पुढे जळायला लागतं, त्याचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पॅड घसरायला लागतो. तो जळका वास एकदा घेतला की विसरत नाही.

दुसऱ्या टोकाला निव्वळ रेसचे पॅड, पॅगिड आरएस२९ वगैरे. पाचशे-सहाशे अंशांना मस्त चालतात, पण गार असताना पकड कमी, आवाज असा की चौकातली सगळी माणसं मान वळवणार, आणि डिस्क खातात. आता विचार करा, तुम्ही ती गाडी ट्रेलरवर नेणार आहात का? नाही ना, आपण सगळे चालवतच नेतो. पहाटे पाचला खंबाटकी उतरताना पावसात समोर ट्रक आला आणि पॅड गारठलेले, तर तिथे रेस पॅड काय कामाचा. माझं स्पष्ट मत आहे, जी गाडी स्वतःच्या चाकांवर ट्रॅकला जाते आणि परत येते तिच्यात फुल रेस पॅड टाकू नये, मग मित्र काही म्हणोत.

म्हणजे आपल्यासाठी मधला वर्ग. फेरोडोचा डीएस२५०० हा यातला सगळ्यांना माहीत असलेला, कंपनी स्वतः ५०० अंशांपर्यंतची रेंज सांगते आणि गार असतानाही तो नीट पकडतो, थोडा चिरचिरतो तेवढं चालवून घ्या. ईबीसीमध्ये रंगावरून ओळखायचं, हिरवा आणि लाल हे रस्त्याचे, पिवळा रस्ता आणि थोडा ट्रॅक, निळा ट्रॅककडे झुकलेला. हिरवा टाकून ट्रॅकला येणारे बघितलेत मी, पाकिटावर परफॉर्मन्स लिहिलेलं असतं ना. तसंच सिरॅमिक शब्दाला भुलू नका, रस्त्याचे सिरॅमिक पॅड म्हणजे कमी धूळ, कमी आवाज, एवढंच, आणि सुपरकारच्या कार्बन सिरॅमिक डिस्कशी त्याचा काही संबंध नाही.

आणि खरं सांगायचं तर पहिलाच ट्रॅक डे असेल, टायर साधे रोजचेच असतील, गाडी स्टॉक १.२ लिटरची हॅचबॅक असेल, तर नवीन ओरिजिनल पॅड आणि ताजं ऑइल एवढंच करा. तुमची लाइन (वळणातून गाडी न्यायची वाट) आणि ब्रेकिंग पॉइंट बसेपर्यंत तुम्ही पॅडला त्रास देण्याइतके वेगातच नसता. टायर चांगले झाले की जास्त उशिरा आणि जास्त जोरात ब्रेक मारता येतो, मग उष्णता वाढते, तेव्हा पॅड बदलायचा. उलट क्रमाने पैसे घालवू नका.

पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर लांबलचक नंबर असतो, त्यात शेवटी बऱ्याचदा दोन अक्षरं दिसतात, एफएफ, जीएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, सोडून द्या. पण जीजी दिसलं म्हणजे ट्रॅकचा पॅड असंही नाही, ती टेस्ट साडेतीनशे अंशांच्या आसपासच थांबते आणि आपली गोष्ट तिथून पुढे सुरू होते. म्हणजे ही अक्षरं नापास करायला वापरा, पास करायला नाही.

अंदाजापेक्षा मोजलेलं बरं. थर्मल पेंट नावाचा प्रकार मिळतो, डिस्कच्या कडेला तीन ठिपके लावायचे, हिरवा ४३० अंशांना रंग सोडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. सेशन झालं की बघायचं. हिरवा पण जसाच्या तसा असेल तर तुम्हाला मधल्या वर्गापेक्षा महाग पॅडची गरज नाही, विषय संपला. नारिंगी उडाला असेल तर मधल्या वर्गाचा पॅड तुम्हाला पुरणार नाही, किंवा डिस्कला हवा कशी मिळेल ते बघायला हवं.

मागच्या चाकांचं थोडक्यात. आपल्या बऱ्याच हॅचबॅकना मागे ड्रमच आहेत, तिथे लायनर, व्हील सिलिंडर नीट आहेत ना बघा, बाकी हात लावू नका. मागे डिस्क असेल तर मागचा पॅड पुढच्यापेक्षा जास्त पकडणारा कधीच नको, वळणात शिरताना ब्रेक मारला की मागची बाजू पुढे यायला बघते.

जाडी बघा. नवीन पॅडचा मसाला दहा-बारा मिलिमीटर असतो, निम्म्याच्या खाली असेल तर तो सेट शहरात संपवा, ट्रॅकला नको. पातळ पॅड नुसता लवकर संपतो असं नाही, तो उष्णता थेट पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे पाठवतो, म्हणजे परत माझी लोण्याची गोष्ट. बसवताना स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, बाहेर काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, एक पिन अडकली की एक पॅड तिरका झिजतो आणि तुम्ही पॅडला शिव्या घालता.

नवीन पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही, बेडिंग करायचं. पहाटे मोकळा रस्ता, मागे कोणी नाही हे बघून ८० वरून २० पर्यंत मध्यम जोरात आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न वापरता चालवत गार करायचं. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसतो, पकड बरीचशी त्या थरामुळे येते. जुन्या डिस्कवर दुसऱ्या कंपाउंडचा थर असेल तर आधी ती लेथवर हलकी फेस करून घ्या किंवा निदान पॉलिश पेपरने घासा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा छाप एकाच जागी बसतो आणि मग स्टिअरिंग थरथरायला लागतं, लोक म्हणतात डिस्क वाकली, बऱ्याचदा वाकलेली नसते, डाग पडलेला असतो.

ट्रॅकवर प्रत्येक सेशनची शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता काढा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावायचा. मी डिकीत एक फरशीचा तुकडा ठेवतो, चेन्नईत दगड शोधायला गेलो होतो तर पिटमध्ये एकही मिळाला नव्हता.